दुनळी बंदुकीचा जीर्णोद्धार : नाशिक–सातपूर परिसरातील शिकार, परवाना आणि पुरावा

महाराष्ट्राच्या शस्त्रेतिहासात तलवार, पट्टा, कट्यार आणि तोफ यांचा जेवढा विचार झाला, तेवढा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दुनळी बंदुकीचा झालेला नाही. याचे कारण उघड आहे. ही बंदूक मराठ्यांच्या पराक्रमाची निशाणी नव्हे आणि रूढ अर्थाने लष्करी शस्त्रही नव्हे. ती बहुधा इंग्लंडात घडलेली, परवान्यावर घेतलेली, आणि ससे, तित्तिर, बदके व प्रसंगी बिबळ्या मारण्यासाठी वापरलेली घरगुती चीज होय. संस्थानिकांच्या बंदुका कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात पेंढा भरलेल्या श्वापदांशेजारी पाहावयास मिळतात. परंतु एखाद्या देशमुखाच्या, वकिलाच्या किंवा बागाईतदाराच्या घरी तीन पिढ्या राहिलेल्या साध्या दुनळीकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याची प्रथा पडलेली नाही. अशी बंदूक हाती आली की तिचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र आज अनेक कुटुंबांपुढे उभा आहे. ती पुन्हा बार काढण्याजोगी करावी, की आहे तशी ठेवावी, की सरकारजमा करावी? या प्रश्नाला कारागिरीचे जसे एक अंग आहे, तसेच इतिहासाचेही आहे.

प्रश्नाचे मर्म कायद्याच्या एका वाक्यात सापडते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ कोणत्या शस्त्रांना हा अधिनियम लागू नाही ते सांगते. जे शस्त्र जुन्या घाटाचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडकळीस आलेले आहे, आणि जे दुरुस्तीविना किंवा दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, ते या कक्षेच्या बाहेर राहते. शब्दयोजनेचा सरळ अर्थ घेतला तर कायद्याच्या दृष्टीने ‘पुरातन’ असणे आणि ‘दुरुस्त होऊ शकणे’ या परस्परविरुद्ध अवस्था ठरतात. मंदिराचा जीर्णोद्धार केल्याने त्याचे मंदिरपण वाढते. बंदुकीचा जीर्णोद्धार शक्य आहे एवढे सिद्ध झाले तरी तिचे पुरातनत्व कायद्यापुरते संपते आणि ती पुन्हा हत्यार बनते. नाशिक परिसरातील दुनळीचा इतिहास या विरोधाच्या प्रकाशात वाचला असता बराच उलगडतो.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुकीत चाप ओढणे व बार उडणे यांत क्षणाचे अंतर पडे, आणि कानाशी उठलेली ठिणगी पाहून पाण्यावरचे बदक सावध होई. अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाचा उपयोग करण्याचा हक्क नोंदविला, तो मुळात बदकांच्या शिकारीतील या अडचणीमुळेच, असे सांगितले जाते. त्यातून तांब्याची टोपी आली. पुढे १८३० नंतरच्या दशकात पॅरिसच्या लफोशेने मागून भरावयाची, बिजागरीवर मोडणारी बंदूक काडतुसासह प्रचारात आणली, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर इंग्लिश कारागिरांनी तिच्यात सुधारणा करण्यास आरंभ केला. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अँसन आणि डीली यांनी बाहेरचे घोडे नाहीसे करून यंत्रणा पेटीत बसविली. सुमारे सत्तर वर्षांत दुनळीचे रूप असे ठरून गेले, आणि आज बनणारी दुनळीही मूलतः त्याच आराखड्याची आहे.

तिच्या मोजमापाची भाषाही जुनी आहे. ‘बारा बोर’ म्हणजे नळीत बसेल अशा आकाराच्या बारा समान गोळ्या एक पौंड शिशातून होतात. त्या हिशेबाने नळीचा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. दोन्ही नळ्या वर आणि खाली पट्ट्या घालून एकमेकींना झाळलेल्या असतात. बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी तोंडाशी किंचित आवळलेली असते. त्यामुळे पहिला बार जवळच्या आणि दुसरा दूर गेलेल्या पक्ष्यावर टाकता येतो. जुन्या नळ्या अखंड पोलादाच्या नसत. लोखंड आणि पोलाद यांच्या पिळलेल्या पट्ट्या गजाभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून एकजीव केल्या जात. अशा नळीवर सौम्य गंज चढवून तो पुसण्याची क्रिया पुन:पुन्हा केली की लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या छटा धरतात आणि लाकडातील नसांसारखी नक्षी उमटते. या ‘दमास्कस’ नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू रूढ झाली, तिचा दाब निराळ्या रीतीने चढतो. म्हणूनच सुंदर दिसणारी जुनी नळी आजच्या काडतुसाने फुटण्याचा धोका असतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र नक्षीपेक्षा नळीची खालची बाजू अधिक बारकाईने पाहावी. इंग्लंडात प्रत्येक नळी विक्रीपूर्वी जादा दारूने उडवून तपासावी लागे. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली होती. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. या कसोटीच्या मोहरा वेळोवेळी बदलत गेल्या, आणि त्यामुळे त्या कालनिर्णयाचे विश्वसनीय साधन ठरतात. उदाहरणार्थ, ‘गोळीसाठी नव्हे’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आवळ तोंडाच्या नळीवर १८७५ ते १८८७ या काळातच आढळतात. धूरविरहित दारूच्या कसोटीची स्वतंत्र अक्षरे त्यानंतरची, विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची. वरच्या पट्टीवर कोरलेले नाव पुष्कळदा कारागिराचे नसून विक्रेत्याचे असते. कलकत्त्याच्या मॅन्टन पेढीचे नाव असलेली बंदूक कलकत्त्यात घडली असे समजणे म्हणजे पुस्तकविक्रेत्याचा शिक्का पाहून त्याला ग्रंथकार ठरविण्यासारखे आहे.

आता जीर्णोद्धारात काय होते ते पाहावे. नळ्या लाकडापासून सोडवून टांगतात आणि हलके ठोकतात. नाद घंटेसारखा घुमला तर झाळ पक्की, बद्द आवाज आला तर पट्टी सुटलेली. खोक आली असेल तर आतून मापाचा ठोकळा घालून बाहेरून हातोडीने ती उठवितात. गंजाने पडलेले खड्डे शिसे आणि कुरुंदाच्या भुकटीने घासून काढतात. परंतु प्रत्येक घासणीबरोबर नळी आतून रुंद आणि भिंतीला पातळ होत जाते. खड्डा नाहीसा झाला की त्याच्याबरोबर बंदुकीचे बळही थोडे नाहीसे होते. दस्त्याची मूठ चिरलेली असेल तर सांधतात, अक्रोडाच्या लाकडाला तेल पाजतात, आडव्या-उभ्या रेषांची जाळी पुन्हा कोरतात. बाहेरून नळी घासून नवा रंग चढविताना मोहरांची अक्षरे पुसट होतात, आणि तेथे खरी हानी घडते. दस्त्यावरील झिजेवरून धनी डावरा होता की उजवा, बंदूक खांद्यावरून किती मिरविली गेली, पट्टा कोठे घासत होता, हे कळू शकते; नवे लाकूड बसविले की ही माहिती कायमची जाते. कारागीर ज्याला मळ म्हणतो त्याला संशोधक पुष्कळदा मजकूर म्हणेल. म्हणून गंज थांबविणे, कोरडे ठेवणे आणि सुटे भाग जपणे एवढ्यावर थांबणारे संरक्षण हे पुन्हा बार काढण्यासाठी केलेल्या दुरुस्तीहून श्रेष्ठ मानले पाहिजे.

काडतुसाचीही एक अडचण आहे. जुन्या इंग्लिश दुनळीची काडतूस-खोली बहुधा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते, तर आज भारतात प्रचलित असलेले बारा बोरचे काडतूस ७० मिलिमीटरचे आहे. न उडालेले काडतूस आखूड असल्यामुळे ते जुन्या खोलीत सहज बसते. उडताना मात्र त्याचे दुमडलेले तोंड उलगडण्यास जागा उरत नाही आणि दाब वाढतो. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ चा. तेथील आधुनिक काडतूस आणि बर्मिंगहॅमची शंभर वर्षांपूर्वीची नळी यांची ही गाठ डोळ्यांना निर्धोक वाटते, आणि त्यातच तिचा धोका आहे.

हे शस्त्र नाशिककडे कोणाच्या हाती होते, याचे उत्तर निःशस्त्रीकरणाच्या इतिहासात शोधावे लागते. १८५७ च्या ऑक्टोबरात सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री ठार झाला. त्याच वर्षअखेर पेठच्या राजाला फाशी देण्यात आले. भागोजी १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातच मिठसागर येथे मारला गेला. १८५७ आणि १८६० चे शस्त्रविषयक कायदे या पार्श्वभूमीवर आले. परंतु निर्णायक वर्ष १८७८ चे. त्या एका वर्षात क्रमांक सातचा वन अधिनियम, क्रमांक नऊचा देशी वृत्तपत्रांचा अधिनियम आणि क्रमांक अकराचा शस्त्र अधिनियम संमत झाले. वृत्तपत्रांच्या कायद्याची चर्चा मराठीत विपुल झाली आहे. वनाचा आणि शस्त्राचा कायदा मात्र एकत्र वाचले जात नाहीत. वस्तुतः शिकारीच्या संदर्भात ते एकाच कात्रीची दोन पाती होत. शस्त्राच्या कायद्याने बंदूक कोणी बाळगावी ते ठरविले; वनाच्या कायद्याने राखीव जंगलात शिकार करणे, फासे लावणे, पाण्यात विष कालविणे यांवर नियम घातले. ज्याच्याजवळ परवान्याची दुनळी आणि जंगलात जाण्याची अनुमती होती तो ‘शिकारी’ ठरला. ज्याच्याजवळ तीरकामठा आणि फासा होता तो पेठ-सुरगाण्याकडचा कोळी किंवा भिल्ल आपल्याच रानात गुन्हेगार ठरला.

शस्त्र अधिनियमातील भेद केवळ संपत्तीचा नव्हता. युरोपीयांना आणि काही वर्गांना परवान्यातून सूट होती. वंशावर आधारलेली ही सूट पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांनी काढून टाकली. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्यात बदल करण्याची मागणी केली होती. नाशिकचे नाव शस्त्रांच्या इतिहासात ज्या घटनेने कोरले गेले ती २१ डिसेंबर १९०९ ची. विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांचे शस्त्र ब्राउनिंग पिस्तूल होते. लपविता येणारे आखूड शस्त्र आणि लपविता न येणारी लांब नळी यांतील फरक शासनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. तो स्वतंत्र भारताच्या कायद्यातही टिकला आहे. १९५९ च्या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षण किंवा क्रीडा यांसाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, आणि पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, वेगळा व सौम्य विचार केलेला आढळतो. नळी आखूड करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. तोंडाशी झिजलेली नळी थोडी कापून टाकावी, हा जुना गावठी उपाय त्यामुळे गुन्ह्याच्या सदरात गेला.

नाशिकच्या भूगोलाने शिकारीचे दोन प्रकार वेगळे पाडले होते. पश्चिमेस त्र्यंबक, इगतपुरी, पेठ या घाटालगतच्या रानात हाका घालून किंवा मचाणावर बसून रानडुक्कर, सांबर, बिबळ्या यांची शिकार होई. पूर्वेकडे निफाड, सिन्नरच्या माळावर आणि पाणथळीत दुनळीचे खरे काम असे : तित्तिर, लावा, पखुर्डी, पाणलावा, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. मोठ्या जनावरावर गोळी किंवा जाड छर्रा चाले, तरी ते मुख्यतः रायफलीचे क्षेत्र; उडत्या पक्ष्यावर छर्ऱ्याचा फवारा हाच दुनळीचा धर्म. मुंबईहून येणारी आगगाडी नाशिकपर्यंत पोहोचली, देवळालीस लष्करी तळ वाढला, आणि या दोन्ही प्रदेशांत सुटीच्या दिवसांत जाणे सुकर झाले. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाशिकच्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातील वन्य प्राण्यांची नोंद आहे. त्याच वर्षी मुंबईत निसर्गेतिहास संस्था स्थापन झाली. पक्षिशास्त्राचा पाया घालणारे नमुने दुनळीनेच मिळविले गेले, आणि डॉ. सलीम अली यांच्या पक्षिप्रेमाचा आरंभही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. शिकाऱ्याची नोंदवही आणि संशोधकाची नोंदवही यांतील अंतर त्या काळी फार नव्हते.

हाक्याच्या शिकारीत श्रमाची वाटणी कशी होती, याचा विचार शिकारकथांत क्वचितच येतो. जनावराचा माग काढणारा, त्याच्या पाणवठ्याची वेळ जाणणारा आणि रानातून त्याला हाकलीत आणणारा माणूस बहुधा स्थानिक आदिवासी असे. बार काढण्याचा हक्क मात्र परवानाधारकाचा. ज्ञान एकाचे आणि नळी दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था होती. दुनळीच्या पट्टीवर विक्रेत्याचे नाव कोरलेले सापडते, परवान्यावर धन्याचे सापडते. हाकाऱ्याचे नाव कोठेच सापडत नाही.

स्वातंत्र्यानंतर शिकारीचे क्षेत्र पायरीपायरीने आकसत गेले. १९१२ च्या केंद्रीय कायद्याने ठरावीक प्राण्यांसाठी निषिद्ध ऋतू घातलाच होता. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण अधिनियमाने शस्त्राच्या परवान्याखेरीज शिकारीचा वेगळा परवाना आणला. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने क्रीडा म्हणून शिकार संपुष्टात आली. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय १९८६ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाला. अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने आपली नोंद करावी, असा दंडक त्याच १९७२ च्या कायद्यात आहे. ऊसपट्ट्यातील बिबट्या आजही गावात शिरतो. परंतु त्याच्यासाठी वनखात्याचा पिंजरा आणि भुलीचे इंजेक्शन येते, गावच्या शिकाऱ्याला निरोप जात नाही.

सातपूरचा संदर्भ येथे अर्थपूर्ण ठरतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एका अंगाला गोदावरी, दुसरीकडे नासर्डी, आणि जवळच राघोबादादांच्या वास्तव्याने परिचित असलेली आनंदवल्ली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर सातपूरच्या शेतजमिनीवर कारखाने उभे राहिले. १९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली तेव्हा गाव शहरात सामावले. त्यापूर्वीच वरच्या बाजूस गंगापूरचे धरणही पुरे झाले होते. ज्या वर्षी नवा शस्त्र अधिनियम अमलात आला त्याच वर्षी सातपूरला यंत्रयुगात नेणारे महामंडळ अस्तित्वात यावे, हा योगायोगच. परंतु त्याचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. मायकोसारख्या कारखान्यात डिझेल इंजिनाच्या तोट्यांची छिद्रे केसाहून सूक्ष्म मापाने पाडली जातात. भोवतालच्या लहान कर्मशाळांत लेथ, घासणयंत्र आणि मापनयंत्रे यांवर हात बसलेले कामगार शेकड्यांनी आहेत. जुन्या नळीचा आतला व्यास मोजणे, कमान घडविणे, सुटलेली पट्टी झाळणे यांसाठी लागणारे कौशल्य येथे आहे. तरीही यांपैकी कोणालाही परवान्यावाचून दुनळीचा एक स्क्रूही दुरुस्तीसाठी हाती घेता येत नाही. कारण अधिनियमाच्या कलम ५ ने निर्मिती आणि विक्रीप्रमाणेच दुरुस्ती, रूपांतर आणि चाचणी यांनाही परवाना सक्तीचा केला आहे. इंग्लंडात बंदुकीची दुरुस्ती ही परंपरागत कारागिरी म्हणून टिकली; येथे ती परवानाधारक विक्रेत्याच्या मागच्या खोलीपुरती राहिली. कौशल्याच्या अभावी नव्हे, तर कायद्याच्या योजनेमुळे हे घडले. आणि ती योजना अनाठायी होती असेही म्हणता येत नाही. ज्या कर्मशाळेत जुनी नळी नीट होते तेथे नवी चोरटी नळीही होऊ शकते, ही शासनाची भीती निराधार नाही.

अलीकडच्या दोन तरतुदींनी हा प्रश्न तातडीचा केला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारसाहक्काने आलेली शस्त्रेही तीत मोजली; जादा शस्त्र वर्षाच्या आत जमा करावयाचे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहखात्याने दुर्मीळ वस्तू म्हणून गणल्या जाणाऱ्या लहान शस्त्रांच्या केवळ बाळगण्यास परवान्याची सक्ती काढली. ती वापरण्यास किंवा बाहेर नेण्यास मात्र परवाना लागतोच, आणि तशी नोंद नसेल तर काडतुसे मिळत नाहीत. दुसऱ्या तरतुदीमुळे संरक्षणाची वाट थोडी मोकळी झाली, तरी पहिलीमुळे कित्येक घरांतील दुनळ्या घराबाहेर पडल्या. जमा केलेले आणि मुदतीत परत न मागितलेले शस्त्र जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने सरकारजमा होऊ शकते. त्यापूर्वी नळीखालच्या मोहरा, क्रमांक, पट्टीवरील नाव आणि दस्त्यावरील झीज यांची छायाचित्रांसह नोंद करून ठेवण्याची कोणतीही पद्धत या प्रक्रियेत नाही. विद्यापीठाच्या इतिहास विभागाला जिल्हा प्रशासनाच्या अनुमतीने हे काम करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी एकही नळी दुरुस्त करण्याची गरज नाही.

बंदुकीइतकेच मोल परवान्याच्या जुन्या पुस्तिकांना आहे. १९२४ च्या नियमांतील सोळा क्रमांकाच्या नमुन्यावर हत्यार बाळगण्याचे आणि बरोबर नेण्याचे तीन हेतू छापलेले असत : क्रीडा, संरक्षण आणि प्रदर्शन. त्यापुढे हत्याराचे वर्णन, काडतुसांची संख्या आणि नूतनीकरणाचे शिक्के. एकाच कुटुंबाच्या पुस्तिका क्रमाने लावल्या तर बाप, मुलगा आणि नातू यांनी एकाच दुनळीसाठी कोणता हेतू नोंदविला, दर वर्षी किती काडतुसे घेतली आणि ती कोणत्या वर्षापासून घेणे थांबविले, हे कळू शकते. कायद्यात ‘क्रीडा’ हा शब्द अद्याप आहे. १९९१ नंतर नेमबाजीचे मैदान सोडले तर त्याला अर्थ उरलेला नाही, आणि वारसांच्या अर्जात त्याच्या जागी ‘आत्मसंरक्षण’ आले आहे.